बडोद्याला दोन दिवसांसाठी आलेले पाहुणे: शहर कसे दाखवले, आपापले अनुभव लिहावेत

नाताळची सुटी जवळ आली की मुंबई, पुणे, नाशिककडच्या नातेवाइकांचे फोन सुरू होतात. प्रश्न बहुधा एकच असतो: सोबत आई-वडील आणि मुले आहेत, मुक्काम दोनच दिवसांचा आहे, तेवढ्यात बडोद्यात काय पाहून होईल? येथे राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी आपल्या पाहुण्यांना शहर कसे दाखवले, ते या धाग्यात सविस्तर लिहावे आणि वर आपण बडोद्याच्या ज्या भागात राहता त्याचे नाव द्यावे, ही विनंती. स्थळांच्या याद्या कोठेही मिळतात. आजीला कोठे थकवा आला, मुले कोठे रमली आणि वेळ अपुरा पडल्यावर काय वगळावे लागले, हे मात्र बरोबर हिंडलेल्या माणसालाच सांगता येते. एक गोष्ट आधीच नोंदवून ठेवतो, कारण सगळी आखणी तिच्यावरच उभी राहते: लक्ष्मी विलास राजमहाल, त्याच्या आवारातील महाराजा फत्तेसिंह संग्रहालय आणि केवडियाचा सरदार पटेलांचा पुतळा ही तिन्ही ठिकाणे सोमवारी बंद असतात. रविवार-सोमवार येणाऱ्यांनी राजमहाल रविवारीच उरकावा.

दांडिया बाजार

माझी आत्या आणि तिचे यजमान मालेगावहून आले होते. सयाजीराव महाराजांचे जन्मगाव कवळाणे तिकडचेच, त्यामुळे आत्याला राजमहालाची ओढ माहेरच्या घरासारखी होती. १८६३ साली खेड्यात जन्मलेला मुलगा १८७५ साली दत्तक येऊन गादीवर बसतो, आणि त्याच्या कारकिर्दीत १८७८ ला सुरू झालेला हा महाल १८९० ला पुरा होतो, एवढी हकिकत मुलांना आदल्या रात्री जेवतानाच सांगून ठेवली होती. त्याचा उपयोग असा झाला की दुसऱ्या दिवशी मुले नुसती झुंबरे पाहत फिरली नाहीत, तर कोणत्या दालनात महाराज काय करीत असतील, हे विचारत राहिली. आम्ही सकाळी दार उघडतानाच पोहोचलो. तिकिटाबरोबर ऑडिओ गाइड मिळतो, त्यामुळे ज्याने त्याने आपल्या गतीने पाहावे. आत छायाचित्रे काढू देत नाहीत, हे पाहुण्यांना आधीच सांगितलेले बरे. चालणे आणि पायऱ्या पुष्कळ आहेत. आत्याचे गुडघे दुखत असल्यामुळे दरबार हॉल झाल्यावर आम्ही बराच वेळ विसावा घेतला आणि मगच फत्तेसिंह संग्रहालयाकडे वळलो. त्याचे तिकीट वेगळे असते.

माझ्या मते घाईच्या पाहुण्यांनीही हे संग्रहालय टाळू नये. एके काळी राजकुटुंबातील मुलांची शाळा असलेल्या या इमारतीत राजा रविवर्मा यांची मूळ चित्रे अगदी जवळून पाहता येतात. घरोघरच्या तसबिरींत पाहिलेली ही चित्रशैली आत्याने पहिल्यांदाच खऱ्या रंगांत पाहिली. एका चित्रासमोर उभी राहून ती लुगड्याचा काठ, त्याची जर आणि निऱ्यांची पडलेली घडी न्याहाळत राहिली, आणि आम्ही कोणीही तिला पुढे चलण्याची घाई केली नाही. त्या दिवशी दुपारनंतर आम्ही दुसरे काहीही ठरवले नव्हते.

वाघोडिया रोड

उज्जैन-रतलामकडून येणाऱ्या नातेवाइकांसाठी एक सूचना. त्या मार्गाने अहमदाबादकडे जाणाऱ्या काही गाड्या बडोद्याच्या मुख्य स्थानकावर न येता छायापुरीला थांबतात, कारण मुख्य स्थानकावर त्यांना इंजिन फिरवावे लागते. छायापुरी शहराच्या उत्तरेला आहे. तेथून गावात येण्यास लागणारा वेळ पहिल्या सकाळच्या आखणीत धरावा.

फतेहगंज

आमच्याकडे नागपूरहून माझे मेहुणे, वहिनी आणि त्यांची दोन मुले आली, तेव्हा पहिला अर्धा दिवस आम्ही कमाटी बागेलाच दिला. हिचे नाव सयाजी बाग, परंतु जुनी माणसे कमाटी बागच म्हणतात. १८७९ साली महाराजांनी लोकांसाठी केलेल्या या बागेतील संग्रहालयात इजिप्तची ममी आणि निळ्या देवमाशाचा सांगाडा आहे. मुलांना याहून अधिक काही दाखवावे लागत नाही. बागेतून विश्वामित्री वाहते. पुलावर उभे राहून खालच्या चिखलाकडे नीट पाहिले, तर हिवाळ्याच्या उन्हात मगर पहुडलेली दिसू शकते. धाकट्याने जिला ओंडका म्हटले तिने शेपूट हलवली, त्यानंतर त्याला पुलावरून हलवणे कठीण झाले.

मेहुण्यांची मुख्य इच्छा मात्र संकल्पभूमीची होती. महाराजांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली अमेरिकेत शिकायला गेलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१७ साली बडोदे संस्थानाच्या नोकरीत रुजू झाले, पण अस्पृश्यतेमुळे त्यांना शहरात राहायला जागा मिळेना. ज्या पारशी धर्मशाळेत ते उतरले होते तेथूनही त्यांना बाहेर काढण्यात आले. तेव्हा या बागेतील वडाच्या झाडाखाली बसून त्यांनी आपले आयुष्य समाजाच्या मुक्तीसाठी वाहण्याचा संकल्प केला. मेहुण्यांनी मुलांना जवळ बसवून ही हकिकत स्वतः सांगितली. वहिनी मधूनमधून त्यांच्या सांगण्यात भर घालत होत्या. अशा ठिकाणी घड्याळ पाहू नये, असे मला मनापासून वाटते. या संकल्पाच्या दिवशी, २३ सप्टेंबरला, महाराष्ट्रातून पुष्कळ लोक येथे येतात. त्या सुमारास येणाऱ्यांनी राहण्याची सोय आधी करावी.

बागेपासून जवळच कीर्ती मंदिर हे गायकवाड राजघराण्याचे स्मारक आहे, आणि त्याच्या भिंतींवर नंदलाल बोस यांनी रंगवलेली भव्य चित्रे आहेत. पाहायला फार वेळ लागत नाही, तरी बरेच पाहुणे ते न पाहताच परततात याचे वाईट वाटते.

रावपुरा

जुने शहर पायीच पाहावे आणि उन्हे कलल्यावर पाहावे. सुरसागर तलावापासून निघून न्यायमंदिर (जुन्या न्यायालयाची इमारत), लहरीपुरा दरवाजा आणि तेथून सरळ मांडवीपर्यंत असा रस्ता ठेवला, तर आजी-आजोबाही तो सावकाश पार करतात. दमलेल्यांना परत आणायला रिक्षा मिळतेच. रावपुऱ्यातला तांबेकर वाडा मी प्रत्येक मराठी पाहुण्याला दाखवते. बडोद्याचे दिवाण भाऊ तांबेकर यांच्या या लाकडी वाड्यात भिंतीच्या भिंती चित्रांनी भरलेल्या आहेत, आणि त्यांत पुराणांतल्या प्रसंगांबरोबर त्या काळचे मराठी जीवनही दिसते. रात्रीच्या जेवणाऐवजी सेव उसळ खावी. तर्री तिखट असते, म्हणून लहान मुलांसाठी ती वेगळी मागून घ्यावी. जाताना बांधून देण्यासाठी बटाट्याचा लीलो चेवडो उत्तम, परंतु तो ओलसर असल्याने लवकर संपवावा लागतो.

मांजलपूर

सर्वांत अधिक वाद होतो तो केवडियावरून. १८२ मीटर उंचीचा पुतळा मुलांना पाहायचा असतोच, परंतु बडोद्याहून ते अंतर सुमारे ९० किलोमीटर आहे आणि वरच्या दर्शन गॅलरीचे तिकीट ठरावीक वेळेचे असते, त्यामुळे सगळा दिवस तिकडेच जातो. मुक्काम दोन दिवसांचा असेल तर आम्ही पाहुण्यांनाच विचारतो: शहर की पुतळा? माझ्या साडूंच्या कुटुंबाने पुतळा निवडला, तेव्हा वाटेत डभोईची हिरा भागोळ ही जुनी कोरीव वेस पाहिली आणि दुसऱ्या दिवशी फक्त राजमहाल केला. सासूबाई आल्या तेव्हा त्यांना पावागडच्या कालिकामातेचे दर्शन हवे होते. तेथे रोपवे आहे, पण रोपवेतून उतरल्यावरही पायऱ्या चढाव्या लागतात, म्हणून आम्ही पहाटेच निघालो, आणि परतताना पायथ्याच्या चांपानेरची जामा मशीद सावकाश पाहिली. युनेस्कोच्या जागतिक वारशात २००४ पासून असलेल्या या ठिकाणी गर्दी बेताची होती. दुसरा दिवस सोमवार असेल, तर राजमहालाऐवजी पावागड-चांपानेर ठेवणे सोयीचे पडते.