पद्मिनीच्या बॉनेटवर रंगाला फोड आलेत, सल्ला हवा

किनारा७८:
बाबांची १९७८ ची प्रीमियर पद्मिनी आहे. घर रत्नागिरीत, समुद्र दीड किलोमीटरवर. दोन वर्षांपूर्वी अख्खी गाडी रंगवून घेतली, पीयू (पॉलियुरेथेन) रंग, मूळचाच क्रीम. या पावसाळ्यानंतर बॉनेटवर मसुराएवढे फोड आलेत. डाव्या दाराच्या खालच्या कडेला तर रंग बोटाखाली पापडासारखा मोडतो. पेंटर म्हणतो, तेवढं घासून टचअप मारू, दोन दिवसांचं काम. फेब्रुवारीत बाबांचं सहस्रचंद्रदर्शन आहे, त्या दिवशी त्यांना याच गाडीतून देवळात न्यायचंय. टचअप पुरेल का?

पत्राकाम:
टचअप मारू नका, पुढच्या पावसात फोड परत येतील. आधी फोडाखाली काय आहे ते बघा. सुईने एक फोडा, पापुद्रा उचलून उलटा करा. पाणी निघालं का? पापुद्र्याच्या पाठीला लांबी (खड्डे भरायची पुट्टी) चिकटलीय की तांबडा गंज? खाली पत्रा कसा दिसतो? एवढं सांगा, मग बोलू. शिवाय पातळ कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक बॉनेटवर फिरवा. जिथे ते नीट धरत नाही तिथे लांबीचा थर जाड आहे.

डोंबिवली_फियाट:
माझ्याकडेही पद्मिनी आहे. दार आणि बॉनेट हे दोन वेगळे रोग वाटतात. दाराच्या तळाशी पाणी निचरायची भोकं असतात, ती बुजली की काचेच्या रबरातून आत उतरलेलं पाणी तिथेच साठतं आणि पत्रा आतून सडतो. बाहेरून कितीही रंगवलं तरी उपयोग नाही. आतलं पॅनेल काढून बघाच.

किनारा७८:
बघितलं. बॉनेटचे तीन फोड फोडले, तिन्हींतून पाण्याचा थेंब आला. पापुद्र्याला आतून करडी लांबी, पत्र्यावर गंजाचे बारीक ठिपके. चुंबक मधल्या भागात जेमतेम धरतं. दाराखाली मात्र सरळ तपकिरी गंज, दोन ठिकाणी सुई आरपार गेली. आणखी एक आठवलं: काम ऑगस्टमध्ये झालं होतं, उघड्या शेडमध्ये. लांबी वॉटर पेपरने पाणी मारून घासताना मी स्वतः बघितलंय.

पत्राकाम:
मग बॉनेटचं कारण बहुतेक तेच. लांबी पाणी शोषते. ओल्या हवेत ती नीट वाळत नाही, वरून रंग चढला की ओल आत कोंडते. घासायच्या पाण्यातले किंवा घामाच्या हातांचे क्षार मागे राहिले असतील तर ते रंगाच्या थरातूनही बाष्प आत ओढून घेतात. ऊन लागलं की फोड फुगतो.

बॉनेट पूर्ण पत्र्यापर्यंत उघडं करा. गंजाच्या ठिपक्यांवर फॉस्फोरिक ॲसिडचं रस्ट रिमूव्हर लावलंत तर ते डब्यावर लिहिल्याप्रमाणे पूर्ण काढा, डिस्टिल्ड वॉटरने पुसा, हॉट गनने कोरडं करा. ॲसिड राहिलं तर त्यावर इपॉक्सी प्रायमर, म्हणजे पत्र्यावरचं पहिलं अस्तर, धरत नाही. मग त्याच दिवशी त्याचे दोन हात. तुमच्या हवेत उघडा पत्रा रात्रभर ठेवू नका. लांबी इपॉक्सीच्या वर भरायची, पातळ, आणि कोरडीच घासायची, आधी ८० नंबरच्या पॉलिश पेपरने, मग १८० च्या. त्यावर टू-के सरफेसर, म्हणजे हार्डनर मिसळून मारायचं रंगाखालचं अस्तर. वॉटर पेपर सरफेसरवर चालेल, त्याआधी नाही. कुणी रेड ऑक्साइड (तांबडा प्रायमर) मारून देतो म्हणालं तर नको म्हणा. तो ओल अडवत नाही, आणि पीयूच्या थिनरने सुरकुततो.

कंप्रेसरच्या टाकीतलं पाणी रोज सोडतात का तेही विचारा. ओली हवा स्प्रे गनमधून आली तर बाकी सगळी मेहनत वाया.

डोंबिवली_फियाट:
दाराला तिथे लांबी भरून भागणार नाही. सडलेला पत्रा कापून नवीन पट्टी वेल्ड करून घ्या आणि आतून कॅव्हिटी वॅक्स, म्हणजे पोकळीत मारायचं गंजरोधक मेण, मारा. बाकीच्या गाडीवर फोड नसतील तर ती आत्ता उघडू नका. मात्र जुना क्रीम उन्हाने उतरलेला असतो, म्हणून रंग डब्यावरच्या नंबरावरून न मिळवता पेट्रोलच्या झाकणावरून जुळवा.

सावली_गॅरेज:
पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याने कायमचा दमा जडू शकतो. रुमाल बांधून स्प्रे मारणाऱ्या कारागिरांना मी खूप वर्षं बघत आलेय, म्हणून कळकळीने सांगते. गॅरेजमध्ये योग्य मास्क नसेल तर तुम्ही विकत आणून द्या, आणि बाबांना त्या दिवशी तिकडे नेऊ नका. गाडीवर प्लास्टिकचं कव्हर घालत असाल तर तेही बंद करा, खाली वाफ धरते.

किनारा७८:
प्लास्टिकचंच कव्हर होतं, आजच काढलं. दाराचं पॅनेल उघडलं, तिन्ही भोकं लांबीनेच बुजलेली निघाली, म्हणजे रंगवतानाच. बाबांनी स्वतः बसून तारेने मोकळी केली आणि मग मगभर पाणी ओतून खालून निचरतंय ना ते बघितलं. वेल्डिंग डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, बॉनेट त्यानंतर. पेंटरला इपॉक्सीचं सगळं वाचून दाखवलं. तो आधी गप्प होता, नंतर म्हणाला की कोरडी घासायला चार दिवस जास्त लागतील. दिले.