दिवसाला किती कॅलरी जळतात?

स्मिता, बी-३०२: वजन ६८, उंची १५८, वय ४२. एक ॲप १५५० सांगतंय, दुसरं २०१०. धरायचं काय?

नीताताई, ए-१०४: सूत्र बहुधा एकच आहे गं, हालचालीचा पर्याय वेगळा निवडला गेलाय. हातानेच कर. वजन × १०, अधिक उंची × ६.२५, वजा वय × ५. बायकांसाठी आणखी १६१ वजा, पुरुषांसाठी ५ अधिक. मिफ्लिन-सेंट जिओर सूत्र, १९९० चं. तुझे १२९७ येतात. दिवसभर नुसतं पडून राहिलं तरी मेंदू, यकृत, हृदय एवढं खातातच.

नीताताई, ए-१०४: याला गुणायचं. बैठं काम १.२, आठवड्यात एक ते तीन दिवस हलका व्यायाम १.३७५, तीन ते पाच दिवस मध्यम व्यायाम १.५५. सगळी गडबड इथे होते. दिवसभर खुर्चीत आणि संध्याकाळी अर्धा तास फेरी, याला १.५५ लावू नका. १.३७५ ने तुझे १७८३ होतात.

समीर, सी-२०१: आणि त्यात घड्याळातल्या चालण्याच्या कॅलरी परत मिळवायच्या नाहीत, गुणकात त्या आल्यात. वेगळ्या काढायच्या तर मेट वापरा, म्हणजे नुसतं बसण्याच्या किती पट ऊर्जा लागते तो आकडा. मध्यम वेगाने चालणं साधारण ३.५ मेट. ३.५ × ६८ × पाऊण तास = १७८. यातले ५१ बसून राहिलं तरी गेलेच असते. म्हणजे जास्तीचे सव्वाशेच.

कुलकर्णी काका, ए-५०२: थायरॉइडची गोळी चालू असेल तर हे चालतं का?

नीताताई, ए-१०४: डोस नीट बसला असेल तर सुरुवातीला चालेल, काका. पण सूत्राला स्नायू किती, चरबी किती हे कळत नाही. १० टक्के इकडेतिकडे सहज होतं. म्हणून खरा आकडा स्वतःच्या नोंदीतूनच काढावा, मी तरी त्यावरच विश्वास ठेवते.

तीन आठवडे रोज सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी वजन. खाल्लेलं सगळं लिहायचं, तेल मोजून. १५ मिलीचा एक चमचा म्हणजे १२० कॅलरी, आणि नेमका तोच लिहायचा राहतो. मग पहिल्या आणि तिसऱ्या आठवड्याची सरासरी वजनं ताडून बघा. समजा रोजचं खाणं सरासरी १६५० आणि वजन ०.३ किलो उतरलं. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी, म्हणून ०.३ × ७७०० = २३१०. भागिले १४ = १६५. खर्च १८१५.

समीर, सी-२०१: २१ ने भागू नका हं. दोन सरासऱ्यांमध्ये अंतर १४ दिवसांचंच असतं.

स्मिता, बी-३०२: पाळीच्या आधी किलोभर वाढतं, त्याचं काय?

नीताताई, ए-१०४: ते पाणी असतं. तू पाच आठवडे नोंद ठेव, पहिला आणि पाचवा आठवडा ताडून बघ आणि २८ ने भाग. चक्र ३२ दिवसांचं असेल तर ३२ दिवसांच्या अंतराने.