मदत हवी आहे : पणजोबांची कबर आणि बाप्तिस्म्याची नोंद

नमस्कार मंडळी,
आमचं मूळ गाव खानापूर तालुक्यातलं. पणजोबा बेळगावात कॅम्पात एका साहेबाकडे खानसामा होते. १९३६ च्या सुमारास प्लेगात नव्हे, साध्या तापानं गेले. घरात कुजबुज एवढीच की शेवटच्या रात्री त्यांनी बाप्तिस्मा घेतला, म्हणून पणजीनं तेराव्याचं जेवण घातलं नाही. पुरलं म्हणून कुणाला नवल वाटलं नसावं. आपल्याकडे लिंगायत बांधव पुरतातच. नवल धर्माचं.

आजीच्या पत्र्याच्या ट्रंकेत मोडीतली एक चिठ्ठी मिळाली. तिच्यात 'दफन' आणि पणजोबांचं जुनंच नाव, एवढंच लागलं. कॅम्पातल्या जुन्या दफनभूमीत दोन रविवार घाणेरीची झुडपं बाजूला सारत फिरलो. साहेब लोकांचे दगड शाबूत, आपल्या माणसांचे बहुतेक बिननावाचे.

पंथ कोणता, तेच कळत नाही. बेळगावात लंडन मिशन (प्रोटेस्टंट) १८२० मध्ये आलं. कॅथॉलिक असतील तर बेळगावचा धर्मप्रांतच १९५३ चा. मग त्याआधीची दप्तरं पुण्याला शोधायची की गोव्याला? शिवाय मरणाच्या दारात कॅथॉलिक बाप्तिस्मा कुणीही देऊ शकतो, पाद्रीच हवा असं नाही. दिला कुणी, हे नोंदवहीत लिहीत असत का? एका चर्चच्या ऑफिसात "नंतर या" असं तीनदा ऐकलं.

कुणी अशा नोंदी काढल्या आहेत का? मोडी वाचणारं बेळगाव-निपाणीकडचं कुणी असेल तर चिठ्ठीचा फोटो पाठवतो. आई ८१ वर्षांची आहे, तिला एकदा तिथं फूल ठेवायचंय.