बारा बोअरची काडतुसं घरी भरता येतात का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, आम्ही कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यातले, खानापूर तालुका, जांबोटीच्या बाजूचे. भात, काजू आणि थोडा ऊस. आज्जांपासून पीक राखायला परवान्याची एकनळी बारा बोअर बंदूक आहे, आता ती माझ्या नावावर झालीय. भात पोटरीला आलं की डुकरं एका रात्रीत खाचरंच्या खाचरं लोळवतात, गवे आले तर बांधपण ऱ्हात नाही, मग रात्रभर मचाणावर बसून हवेत बार काढत ऱ्हायचं.

अडचण काडतुसांची. दुकानात कधी असतात कधी नसतात, असली तर परवडत नाहीत, आणि घरात रिकाम्या पुंगळ्यांचा डबा भरलाय. यूट्यूबवर अमेरिकेतली माणसं घरच्या टेबलावर प्रेस लावून पुंगळीच्या बुडाची जुनी टोपी (ठिणगी पाडणारी) काढतात, नवी बसवतात, बंदुकीची दारू, वॅड (दारू आणि छर्ऱ्यांमधला बोळा), छर्रे घालून तोंड दुमडलं की काडतूस तयार. आज्जा ठासणीच्या बंदुकीत दारू स्वतःच भरायचे. तर असं प्रेस इकडं मिळतं का? आपल्या परवान्यात बसतं का? कोडगूत (कूर्ग) तर बंदुकीला परवानाच लागत नाही म्हणे. जाणकारांनी कृपया सांगा.

उत्तर १:
भाऊ, प्रेस अजिबात मागवू नका. तुमचा परवाना बंदूक बाळगायचा आहे. काडतूस बनवायला शस्त्र कायदा 1959 च्या कलम 5 खाली वेगळं लायसन लागतं, आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर त्याशिवाय बनवलं तर कमीत कमी 7 वर्षं तुरुंग, जन्मठेपेपर्यंत. कोडगूतली सूट कोडव समाजाला आणि जम्मा (तिकडची वंशपरंपरेची) जमीनवाल्यांना आणि तीपण बाळगण्यापुरतीच.
दुसरं, आज्जांची ती काळी दारू, मापानं भरायची. आत्ताच्या काडतुसातली बिनधुराची, ती वजनावर चालते. काळीच्या मापानं ही भरली तर नळी तोंडासमोर फुटते हो.
परवान्यावर एका वेळी किती आणि वर्षाला किती काडतुसं ते लिहिलेलं असतं, ते बघा. कमी असतील तर डीसी (जिल्हाधिकारी) ऑफिसला वाढवून मागा. नुकसानीचे फोटो काढून फॉरेस्टच्या रेंज ऑफिसात भरपाईचा अर्जपण टाका. आणि गव्यावर नेम धरू नका, तो वन्यजीव कायद्याच्या शेड्यूल एकमधला, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाचा आहे.

धागाकर्ता:
बरं झालं विचारलं, प्रेसचा विषय सोडला. काडतुसं वाढवायच्या अर्जाला पिकाचा उतारा जोडायचा का, आणि अर्ज कन्नडमध्येच लागतो की मराठीतला घेतात? कुणी अलीकडं दिला असेल तर सांगा, भात पोटरीला यायच्या आत काम व्हायला पाहिजे.