शब्दचर्चा : इंग्रजी 'नो' (know) एक, लात्वियनमध्ये चार

प्रश्न : भाचा लात्वियाच्या राजधानीत, रीगाला शिकायला गेला आहे आणि हौसेने लात्वियन भाषेच्या वर्गालाही जातो. शिकवणं सगळं इंग्रजीतून. शब्दांच्या यादीत 'नो'पुढे झिनात, पझीत, प्रस्त, मात्सेत असे चार शब्द दिलेत. 'कॅन'पुढे त्यातलेच दोन पुन्हा आलेत आणि वर आणखी दोन. कुठला शब्द कधी वापरायचा याचा त्याला पत्ता लागत नाही. तो मला विचारतो, आणि मी इथे विचारतेय.

उत्तर : त्याला म्हणावं, यादी मीट आणि वाक्य आधी मराठीत म्हणून बघ. 'नो'च्या जागी आपण तरी एकच क्रियापद कुठे वापरतो? पत्ता आपल्याला माहीत असतो, माणसाला आपण ओळखतो, पोहणं आपल्याला येतं. लात्वियनमध्येही फोड जवळजवळ याच जागी पडते. माहीत असणं म्हणजे झिनात. ओळखणं म्हणजे पझीत, मग ती ओळखदेख असो की आवाजावरून ओळखणं असो, अगदी आपल्यासारखंच. येणं म्हणजे प्रस्त किंवा मात्सेत. 'एस माकू पेल्देत' म्हणजे मला पोहता येतं (माकू हे मात्सेतचंच रूप). या दोघांतला फरक बारीक आहे. मात्सेतच्याच कुळातलं मात्सीत म्हणजे शिकवणं, त्यामुळे शिकून हातात बसलेल्या गोष्टीला मात्सेत शोभतं. भाषा येते असं सांगताना प्रस्त घ्यावं.

एक खड्डा मात्र आहे. कविता आपल्याला 'येते', पण लात्वियन माणूस तिथे झिनात वापरतो आणि वर 'डोक्यातून' असं जोडतो. म्हणजे पाठ असणं हे त्यांच्या लेखी माहितीत जमा, कसबात नाही.

'कॅन'चंही तेच. पोहता येतं म्हणायचं तर वरचेच दोन. अंगात ताकद आहे किंवा जमण्यासारखं आहे असं म्हणायचं तर वरेत, म्हणजे आपलं 'शकणे'. परवानगीचा प्रश्न असेल तर द्रीक्स्तेत. दारावर टकटक करून 'आत येऊ का?' विचारतो ना, तिथे 'वाइ द्रीक्स्त?' एवढं पुरतं.

'हॅव'वर तर मराठी माणसाने अडायचं कारणच नाही. लात्वियनमध्ये 'असणे' आहे, इंग्रजीसारखं 'बाळगणे' नाही. 'मन' म्हणजे मला, 'इर' म्हणजे आहे. 'मन इर ब्रालिस' : मला भाऊ आहे. 'मन इर लाइक्स' : मला वेळ आहे. पैशांसाठी आपण 'माझ्याकडे' म्हणतो, ते तिथेही 'मन इर' म्हणूनच चालवतात. 'मस्ट'साठी 'मन याइएत', मला जायला हवं. इंग्रजी वाक्यातला कर्ता 'आय' घेऊन बसलं की हे सगळं अवघड वाटतं. आपल्याला 'मला'ची सवय जन्मजात आहे.

पुरवणी : वरच्या उत्तरातल्या लाइक्सबद्दल. हा शब्द वेळेसाठी आहे तसाच हवामानासाठीही आहे. आज लाइक्स कसा आहे, असं कोणी विचारलं तर ते पावसापाण्याबद्दल. 'एक वेळ', 'दोन वेळा' यातल्या वेळेला मात्र रेइझे. आणि 'किती वाजले?' याला 'घड्याळ किती आहे?' असं विचारतात.

थोडी हरकत : मराठीतून जाण्याचा सल्ला चांगला आहे, पण तो सरसकट घेतला तर भाचा पहिल्याच आठवड्यात आपटेल. 'जाणे'च बघा. आपण बाजारातही जातो आणि लंडनलाही जातो. लात्वियनमध्ये पायी जाणं इएत आणि वाहनाने जाणं ब्राउक्त. दुसऱ्या गावाला निघाल्याचं इएत वापरून सांगितलं, तर ऐकणाऱ्याला वाटेल हा चालत निघालाय. येण्याचीही तशीच दोन क्रियापदं आहेत.

माझ्या मते इएतला 'जाणे' म्हणून पाठ करूच नये, 'चालणे' म्हणून करावं. मग बाकीचे उपयोग आपोआप सुटतात. घड्याळ चालतं, तिथे इएत. तुझं कसं चाललंय? 'का तेव इएत?' इथेही तेच क्रियापद. (मूळ तेच, जे संस्कृत 'एति'त आहे.)

'पुट' आणि 'पोअर' यांत आपली पंचाईत जास्त. मराठीत 'घालणे' हे एक क्रियापद किती कामं करतं बघा : चहात साखर घाल, सदरा घाल, चपला घाल, टोपी घाल. लात्वियनमध्ये यातलं प्रत्येक वेगळं. कपडे चढवायचे ते विल्क्त, म्हणजे मुळात ओढणं. पायातलं घालायचं त्याला खास आउत. टोपीला लिक्त, म्हणजे ठेवणं. काढतानाही ही वाटणी तशीच राहते. मात्र कुठे घालायचं ते सांगायची रीत आपल्याशी जुळते. 'कायास' म्हणजे शब्दशः पायांत, 'गल्वा' म्हणजे डोक्यात. आपणही पायात जोडे आणि डोक्यात टोपी घालतोच.

ओतण्यात तर वस्तू कशी आहे हेच बघावं लागतं. पाणी, चहा, सूप असं पातळ असेल तर लिएत. साखर, पीठ, तांदूळ, वाळू असं कोरडं आणि सुटं असेल तर बेर्त. आपण तेलही ओततो आणि पोत्यात ज्वारीही ओततो, त्यामुळे इथे मराठी उपयोगाची नाही. गंमत अशी, की बेर्तचंच भावंड बिर्त म्हणजे आपोआप गळणं. झाडाची पानं बिर्त होतात, दाणे बिर्त होतात, आणि अश्रूही! म्हणजे डोळ्यांतलं पाणी लात्वियनमध्ये धान्याच्या पंक्तीला बसतं. हे कोणत्याच नियमात बसवू नका, तसंच पाठ करा.

मूळ प्रश्नकर्ती : दोघांचेही आभार. भाचा म्हणतो, शरीराच्या अवयवांच्या यादीत काया म्हणजे पाय आहे, हे वाचून तो हसत सुटला. पण त्यात 'लेग' आणि 'फूट' दोन्हींपुढे कायाच लिहिलंय. छपाईची चूक असेल का?

उत्तर : चूक नाही. आपण 'पाय' म्हणताना मांडीपासून टाचेपर्यंत काय ते सांगतो का? तसंच. रुओका म्हणजे खांद्यापासून खालचा अख्खा हात, आणि पिर्क्स्त्स म्हणजे बोट, हाताचं असो वा पायाचं. इथे इंग्रजीच जास्त चिरफाड करते.

नात्यांवर कोणी आलं नाही, म्हणून सांगतो. 'मदर-इन-लॉ' शब्दकोशात बघितला की दोन शब्द मिळतील, वीरमाते आणि सिएवासमाते. पहिली नवऱ्याची आई, दुसरी बायकोची. आपल्याकडे दोघीही सासूच. (वीर्स म्हणजे पुरुष आणि नवराही, आपल्या 'वीर'चा भाऊबंद. त्यामुळे तिथली वीरमाते म्हणजे आपली वीरमाता नव्हे, साधी सासू.) 'सिस्टर-इन-लॉ'ला मात्र मराठीतूनच जावं. वहिनी असेल तर मार्शा, मेहुणी असेल तर स्वाइने, जाऊ असेल तर इएतल्या. नवऱ्याचा भाऊ दिएवेरिस. हा शब्द आणि आपला दीर एकाच मुळाचे, मध्ये संस्कृत 'देवृ' ठेवला की दिसतं. जाऊ आणि इएतल्या यांचंही तेच, दुवा 'यातृ'. ऐकून ते पटणार नाही, पण आहे खरं. रोजच्या बोलण्यात 'भावाची बायको' अशी फोड करूनही सांगतात, तेव्हा भाच्याने एवढे सगळे शब्द लगेच घोकायची गरज नाही.

मूळ प्रश्नकर्ती : शेवटचं एक. त्याला तिथलं जेवण अळणी लागतं. 'हॉट' हवं असं सांगितलं तर कुठला शब्द?

उत्तर : अस्स. सुरी धारदार असते तीही अस्स आणि मिरची झोंबते तीही अस्स. आपलं 'तिखट'ही 'तीक्ष्ण'वरूनच आलंय, त्यामुळे लक्षात राहील. यादीत 'हॉट'पुढे कार्स्त्स असेल, तो शब्द हॉटेलात वापरू नये. वाफाळतं सूप येईल, तितकंच अळणी.