जिल्ह्याचा भौगोलिक मध्य आणि लोकसंख्येचा मध्य: नेमका कोणता धरावा?

प्रश्न (शिक्षक, चामोर्शी तालुका):
नववीचे विद्यार्थी गडचिरोली जिल्ह्याचा मध्यबिंदू शोधत आहेत. जिल्ह्याचा नकाशा पुठ्ठ्यावर चिकटवून, कापून, टाचणीवर तोलला असता एक बिंदू मिळाला. सर्व गावांच्या अक्षांश-रेखांशांची सरासरी काढली असता दुसराच मिळाला. यांपैकी बरोबर कोणता? आरोग्य उपकेंद्राची जागा सुचवायची झाल्यास कोणता मध्य धरावा?

उत्तर 1:
सर, पुठ्ठ्याचा बिंदू हा क्षेत्रफळाचा मध्य आहे आणि तो योग्यच आहे. दुसरी सरासरी मात्र केवळ गावे मोजते. तिच्यात पन्नास वस्तीचा टोला आणि देसाईगंज शहर यांचे वजन सारखेच पडते. प्रत्येक गावाच्या अक्षांशाला 2011 च्या जनगणनेतील लोकसंख्येने गुणावे आणि बेरजेला एकूण लोकसंख्येने भागावे, रेखांशाचेही तसेच. काटेकोर गणितात रेखांशासाठी लोकसंख्येला अक्षांशाच्या कोसाइनने गुणून ते वजन धरतात, कारण विषुववृत्तावर सुमारे 111 किलोमीटर असलेला रेखांशाचा एक अंश 20 अक्षांशावर सुमारे 105 किलोमीटरच भरतो. एका जिल्ह्यापुरता याने नगण्य फरक पडेल. अमेरिकेत 1790 पासूनच्या प्रत्येक जनगणनेसाठी असा मध्य काढलेला आहे आणि तो मेरीलँडपासून पश्चिमेकडे सरकत 2020 मध्ये मिसूरीतील हार्टव्हिलजवळ पोहोचला. आपल्याकडे वैनगंगेकाठची वस्ती दाट आणि एटापल्ली-भामरागडकडची विरळ असल्यामुळे लोकसंख्येचा मध्य पुठ्ठ्याच्या बिंदूच्या वायव्येस यायला हवा. तसा आला नाही, तर आकडे पुन्हा तपासावेत.

उत्तर 2:
उपकेंद्रासाठी मी वरील सरासरीवर विसंबणार नाही. ती अंतरांच्या वर्गांची बेरीज किमान करते, तर लोकांना प्रत्यक्ष अंतर चालावे लागते. समजा, एकाच रस्त्यावर दहा-दहा किलोमीटरवर तीन गावे असून त्यांची लोकसंख्या क्रमाने 2000, 500 आणि 500 आहे. सरासरीचा मध्य पहिल्या गावापासून 5 किलोमीटरवर, म्हणजे बहुधा एखाद्या धानाच्या बांधीत येईल आणि सर्वांच्या अंतरांची बेरीज 20,000 होईल. उपकेंद्र पहिल्याच गावात ठेवले, तर ती 15,000 वर येते. एकूण अंतर किमान करणाऱ्या या बिंदूला मध्यक केंद्र म्हणतात. गावे नकाशावर विखुरलेली असली, की त्यासाठी थेट सूत्र नसते. एक बिंदू धरून तो टप्प्याटप्प्याने सुधारत जावे लागते. मात्र हे करताना सरळ रेषेऐवजी रस्त्याचे अंतर घ्यावे आणि भामरागडकडील गावांसाठी पावसाळ्याचा तक्ता वेगळा करावा, कारण पर्लकोटेला पूर आला की उन्हाळ्यातील अंतरे तिथे लागू पडत नाहीत.