पारव्याची मान आणि अडलेली गोधडी: तुम्हाला रंग कुठे सापडतात?

सुईदोरा
सकाळी कपडे वाळत घालायला गेले तर खिडकीच्या कठड्यावर पारवा बसलेला. मान वळवली की हिरवी, पुन्हा वळवली की जांभळी. ओले कपडे हातात घेऊन मी तशीच उभी राहिले. तेरा वर्षांपूर्वी असाच एक पारवा बघून गोधडी करायला घेतली होती. ती कपाटाच्या वरच्या फळीवर अजून अर्धी पडली आहे.

तेव्हा वाटलं होतं, सोपं आहे. करडा, हिरवा, जांभळा, झालं. तुकडे जोडले तर पारवा कुठेच नाही, हिरवा एकीकडे ओरडतोय आणि जांभळा दुसरीकडे. मग कुठेतरी वाचलं की त्या झळाळीचा रंग पिसांत भरलेला नसतोच. पिसांच्या अतिसूक्ष्म थरांवरून उजेड परततो आणि आपण कुठून बघतो त्यावर रंग ठरतो. म्हणजे कापडही हलतं-बदलतं हवं. धूपछाव आठवलं! उभा धागा हिरवा, आडवा जांभळा. त्याचे त्रिकोण कापले आणि प्रत्येक त्रिकोण वेगळ्या दिशेने फिरवून लावला. एकच कापड, पण जणू चार-पाच कापडं वापरलीत असं दिसायला लागलं. रात्री उठून दिवा लावून बघत बसायचे मी.

बॉर्डर मात्र सुचेना. करडी लावली तर सगळं मरगळलं, हिरवी लावली तर मान दिसेनाशी झाली. तिथेच राहिली ती.

तुमचे रंग कुठून आले? कुठे अडलात तेही लिहा.

उसवण
गंजलेलं फाटक. निळा ऑइलपेंट सुटलेला, त्याखाली जुना पिवळा, त्याखाली गंज. रोज समोरून जायचे, एकदा थांबून फोटो काढला. आधी तिन्ही रंग सारखे घेतले तर लहान मुलांच्या खेळण्यासारखं दिसलं. मग फोटोवर शंभर चौकटी आखून मोजल्या. निळ्या सत्तर, गंजाच्या पंचवीस, पिवळ्या जेमतेम पाच. तेच प्रमाण कापडात ठेवलं आणि फाटक उभं राहिलं. माझ्या मते रंग कोणते यापेक्षा किती हे आधी बघावं.

मोतिया
पारवा!! किती दिवसांनी हा शब्द वाचला. हल्ली सगळं ग्रे.

शेवाळ
@मोतिया अगदी. पोपटी, विटकरी, अबोली, गुलबक्षी, केतकी, मोरपंखी, राखाडी. सगळी नावं कुठल्या तरी दिसणाऱ्या वस्तूची. कुणीतरी आधी नीट बघितलं असणार, मग नाव पडलं.

मोतिया
आणि किरमिजी! तो तर किड्याचा. त्या किड्यांपासूनच लाल रंग काढत.

उसवण
किडा?? माझ्या सगळ्यात आवडत्या शालीचा रंग आहे तो 😄

लोकरवेडी
घाईत लिहितेय, मुलाला उठवायचंय. मी लाल आणि हिरव्याची क्रोशेची चादर केली, नक्षी भरपूर, महिने घातले. पसरली आणि लांबून बघितली तर नक्षीच दिसेना! बहिणीने फोनवर कृष्णधवल फोटो काढून दाखवला. लाल आणि हिरवा दोन्ही एकच करडे. रंग वेगळे होते पण गडदपणा तंतोतंत सारखा. तेव्हापासून लडी घेतल्या की आधी शेजारी ठेवून कृष्णधवल फोटो. फोटोत फिकट-मध्यम-गडद असे तीन थर दिसले तरच विणायला घेते.

टाचणी
हे आधी कळायला हवं होतं ग ताई. माझी अख्खी उशी अशीच गेली.

जुना_माग
इथे एक भर घालतो, कारण माझंही असंच झालं होतं. लाल पट्ट्याशेजारी साधा करडा दोरा घेतला, विणून झाल्यावर तो हिरवट दिसायला लागला. विकणाऱ्याने चुकीची शेड दिली म्हणून चिडून उसवला, तर हातात पुन्हा स्वच्छ करडा! पॅरिसच्या गोबेलां गालिचा कारखान्यात हीच तक्रार आली होती, काळ्या धाग्याला खोली नाही म्हणून. शेव्रोल हे रसायनशास्त्रज्ञ १८२४ पासून तिथल्या रंगाईचे प्रमुख. त्यांनी तपासलं तर काळ्या रंगात खोट नव्हती, शेजारचे रंग त्याला फिका पाडत होते. त्यावर त्यांनी १८३९ मध्ये मोठा ग्रंथच काढला. आता मी लडी एकटी बघून कधीच ठरवत नाही. दोन्ही धागे एका पुठ्ठ्यावर जवळजवळ गुंडाळतो, दोन दिवस समोर ठेवतो, मग ताणा लावतो.

टाचणी
पुठ्ठ्याची युक्ती उचलली दादा 🙏

निळाई
मी रंगवते, त्यामुळे माझं उलटं आहे. रंग बघून कापड शोधत नाही, कापड बाहेर काढल्यावर रंग बघते. नीळ ज्यांनी केली आहे त्यांना माहीत असेल, भांड्यातून कापड निघतं तेव्हा पिवळसर हिरवं असतं आणि हवा लागली की डोळ्यांदेखत निळं होत जातं. पहिल्यांदा केलं तेव्हा त्या मधल्या हिरव्यावर इतका जीव जडला, पण तो टिकत नाही. दोन मिनिटांत गेला. पुढचं वर्षभर तोच हिरवा शोधला. शेवटी पिवळ्या रंगवलेल्या सुतावर निळीची एकच हलकी बुडी दिली तेव्हा जवळपास पोचले. मंजिष्ठेचंही तसंच, तुरटीवर लाल आणि लोखंडाच्या पाण्याने जांभळट तपकिरी. एकाच मुळीतून दोन भावंडं निघतात, म्हणून एकत्र शोभतातच. जुळणारे रंग हवे असतील तर एकाच भांड्यातले घ्या.

कात्री
गडद लाल पांढऱ्यावर उतरला तर काय करायचं? आत्ता बादलीत आहे, मदत करा

निळाई
@कात्री वाळू देऊ नकोस! गार पाण्यात मोकळं बुडव, पाणी बदलत राहा. इस्त्री तर अजिबात नको.

कात्री
बरं बरं. पळाले

ठिगळ
माझे रंग मी निवडले नाहीत. बाबा गेले, कपाटात त्यांचे अकरा शर्ट. पांढरे, फिकट निळे, एक बारीक चौकड्यांचा आणि एकच मरून, तो त्यांनी कधी घातलाच नाही. आईला वाटून टाकायचे होते, मी मागून घेतले. कॉलरखालचं कापड गडद, खांद्यावरचं उन्हाने विटलेलं. एकाच शर्टात तीन निळे निघाले. मरूनची बारीक पट्टी मधोमध लावली. एवढंच.

शेवाळ
🙏

सुईदोरा
ठिगळ, वाचून हात थांबले. मधोमध लावलीस ते फार बरं केलंस.

पदर
@ठिगळ तुझं वाचून अलाबामातल्या जीज बेंडच्या गोधड्या आठवल्या. तिथल्या मिझूरी पेटवे यांनी नवरा गेल्यावर १९४२ मध्ये त्याच्या कामाच्या कपड्यांची गोधडी केली, त्याची आठवण पांघरायला म्हणून. विटलेले निळे आणि मळकट पांढरे. फोटो बघ कधी, त्या निळ्यांमध्ये तुझे शर्ट दिसतील तुला.

ठिगळ
बघितले. बराच वेळ बघितले. आभार ग.

लोकरवेडी
मुलगा उठला, शाळेत गेला, आता निवांत 🙂 लहानांचा विषय निघालाच आहे तर, सोनिया डेलोने या चित्रकर्तीने १९११ मध्ये तान्ह्या मुलासाठी चिंध्यांची दुलई शिवली. लहानपणी युक्रेनमधल्या शेतकऱ्यांकडे बघितलेल्या दुलयांसारखी. ती बघून तिच्या चित्रांचीच दिशा बदलली. म्हणजे आपण चित्र बघून गोधडी करतो, तिने गोधडी बघून चित्रं केली! मला हे फार आवडतं.

मापटेप
मी रोजच्या तापमानाची चादर विणली, दिवसाला एक ओळ, ३६५ ओळी. गारठ्याला निळे, उकाड्याला लाल, मधले नऊ रंग. माझ्या हातात निवड काही नाही, हवेने ठरवायचं. त्याच वर्षी नवरा आजारी पडला, एकवीस दिवस विणणं बंद. नंतर जुने आकडे बघून भरता आले असते. भरले नाहीत, तिथे एकवीस ओळी राखाडी विणल्या. आता तो बरा आहे आणि टीव्ही बघताना तीच चादर पायावर घेतो, नेमका राखाडी पट्टा वर येतो.

मोतिया
मापटेप 🤗 दोघांनाही खूप प्रेम.

टाचणी
छोटीशी गोष्ट. छापील कापडाच्या काठाला रंगीत ठिपके असतात ना, छपाईत वापरलेल्या प्रत्येक रंगाचा एक? मी ते कापून वहीत चिकटवते. एखादं कापड आवडलं पण का आवडलं ते कळत नसेल तर ठिपके बघायचे. मला आवडणाऱ्या बहुतेक कापडांत एक शेवाळी निघाला, जो मी स्वतःहून कधी घेतला नसता.

शेवाळ
😍 नाव सार्थकी लागलं माझं

उसवण
आणि दोरा ट्यूबलाइटखाली जुळवू नका कुणी. आत तंतोतंत जुळलेले दोन तपकिरी बाहेर उन्हात एक लालसर आणि एक हिरवट निघाले. दारात नेऊन बघा, मगच कापा.

कात्री
उतरलेला लाल बराचसा निघाला! थोडी गुलाबी छटा राहिलीय. खरं तर छान दिसतेय, तशीच ठेवू का?

निळाई
ठेव.

जुना_माग
सुईदोरा, पारवा परत आला का?

सुईदोरा
आत्ता बसलाय दादा, पाठ करून. पंखावर दोन काळे पट्टे आहेत त्याच्या, समांतर, अगदी आखल्यासारखे. तेरा वर्षं मी मानेकडेच बघत होते. स्टूल घेऊन फळीवरून गोधडी काढते, फिकट करड्यावर दोन काळ्या पट्ट्या लावून बघते. काळं कापड किती लागेल कुणी सांगा, गोधडी साठ इंच बाय साठ इंच आहे.

पदर
पट्टी किती रुंद ते ठरव आधी.